दाताच्या रंगाचं मेण

"पांढरी संपली. शेवटचा ट्रे यांनी घेतला," अंडीवाल्या बाईंनी हनुवटीनेच समोरचा माणूस दाखवला.

हे तिसरं दुकान होतं. ईस्टरला सहा दिवस राहिले होते आणि तेवढ्यात झाडून सगळ्या लेकुरवाळ्या घरांनी पांढरी अंडी उचलली होती. उरली होती ती तपकिरी. तपकिरी अंडी खायला उत्तम, पण त्यांच्यावर रंग चढत नाही. गुलाबी म्हणून बुडवावं तर विटेच्या तुकड्यासारखं काहीतरी बाहेर येतं. आत्याला हे ज्ञान आज सकाळीच झालं होतं, आणि ते देणारी तिची नऊ वर्षांची भाची शेजारी कमरेवर हात ठेवून उभी होती. तिला घरात सगळे मुकादम म्हणत, कारण ती काम कमी आणि देखरेख जास्त करायची. धाकटा पाच वर्षांचा भाचा आत्याचं बोट धरून होता. त्याच्या शर्टाला शेवटचं बटण कधीच नसायचं, म्हणून त्याचंच नाव बटण पडलं होतं.

समोरचा माणूस कुणाकडे बघतच नव्हता. ट्रेमधून दोन-दोन अंडी उचलायची, कानाशी न्यायची, हलकेच एकमेकांवर टेकवायची. टक्... टक्... मग पसंतीने मान हलवून परत ठेवायची. उंच, सडपातळ, बाहीवर कसलीशी पांढरी पूड. चौथ्या जोडीला त्याने मान हलवली आणि आत्याला राहवलं नाही.

"डाव्या हातातलं तडकलंय."

त्याने अंडं फिरवून पाहिलं. "कुठे? दिसत तर नाही."

"दिसत नाही. पण ऐकू येतंय."

त्याने ते दिव्यासमोर धरलं. टोकाकडून केसाएवढी रेघ खाली गेली होती. तो आधी रेघेकडे बघत राहिला, मग आत्याकडे. "तुम्ही अंड्यांच्या धंद्यात आहात?"

"कानांच्या. लोकांना ऐकू येतं की नाही ते तपासते. कानातल्या यंत्रासाठी साचे घेते."

"असं होय. मी दातांचा. म्हणजे डॉक्टर नाही — कवळ्या करतो."

"म्हणजे आपल्या दोघांत मिळून एक म्हातारा माणूस पूर्ण होतो," आत्या बोलून गेली, आणि बोलल्यावर जीभ चावली. अनोळखी माणसाशी असं बोलायची तिची रीत नव्हती.

तो हसला. आधी डोळे हसले, ओठ सावकाश मागून आले. "चष्म्याचं कुणीतरी शोधावं लागेल," तो म्हणाला.

मोठ्या माणसांचं हे असलं बोलणं मुकादमला वेळेची नासाडी वाटत होतं. "काका, तुम्हाला तीस अंडी कशाला? घरी मुलं आहेत?"

"मुलं नाहीत. नवीन ड्रिल घेतलंय. हात बसायला हवा ना... म्हणून अंड्याचं कवच कापून बघायचं. आतला पापुद्रा फाटला की नापास."

"मग तपकिरी घ्या. ड्रिलला कुठे रंग कळतो?"

त्याने निमूटपणे पांढरा ट्रे इकडे सरकवला आणि तपकिरी उचलला. तेवढ्यावर सोडेल तर ती मुकादम कसली. "आम्हाला अंड्यांना भोकं पाडायचीत. आई सुईने पाडते, पण आई आजीकडे गेलीय. आत्याने काल सात फोडली." आत्याने तिचा दंड दाबला, पण उशीर झाला होता. मुकादमने त्याला पत्ता दिला, बुधवारची चारची वेळ दिली आणि बूट बाहेर काढून यायचं हेही बजावलं.

*

दादाची, म्हणजे आत्याच्या भावाची, बेकरी होती. ईस्टरच्या आठवड्यात बेकरीवाला स्वतःच्या घरात पाहुण्यासारखा येतो. पहाटे गेलेला माणूस संध्याकाळी पिठाने माखून परतायचा आणि खुर्चीतच झोपायचा. एरवी वहिनी सगळं सांभाळायची. यंदा तिच्या आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन निघालं, ती तिकडे गेली आणि रविवारी दुपारी परतणार होती. म्हणून आत्या आठवड्याची रजा टाकून इथे येऊन राहिली होती.

वहिनीची रीत ठरलेली होती. बारा अंडी पोकळ करून, रंगवून, वाळक्या फांदीला टांगायची. आणि शनिवारी प्रत्येकाने आपापली गुपित अंडी करायची. आधीच उकडलेल्या पांढऱ्या अंड्यावर पांढऱ्या मेणाने लिहायचं, ज्याच्यासाठी लिहिलं त्याला सांगायचं, आणि अंडं निळ्या वाडग्यात ठेवायचं. रविवारी सकाळी ज्याचं त्याने रंगात बुडवायचं. मेणावर रंग बसत नाही, बाकी सगळीकडे बसतो, आणि अक्षरं उमटतात.

आत्याने हे सगळं वहीत लिहून घेतलं होतं. त्याच वहीत एक घडी घातलेलं पत्रही होतं, आणि ते मात्र तिने कुणाला दाखवलं नव्हतं.

बुधवारी चारला दोन मिनिटं कमी असताना दारावर टकटक झाली. दातकाका, हे नाव बटणने तोवर पाडलंच होतं, मोजे घालून आत आला, स्वयंपाकघराच्या टेबलावर पेटी उघडली, ड्रिल लावलं आणि सुरू केलं. ते सूंऽऽ ऐकताच बटण टेबलाखाली.

"माझे दात चांगले आहेत," टेबलाखालून आवाज आला.

"तुझे तर पडून पुन्हा येणार आहेत. मला त्यांचा काही उपयोग नाही," दातकाका गंभीरपणे म्हणाला. हे पटायला बटणला पाच मिनिटं लागली.

अंड्याला त्याने इतक्या नाजूकपणे धरलं की आत्या बघतच राहिली. मोठे हात, आखूड नखं, आणि ड्रिलचं टोक कवचाला लागलं की श्वास धरायचा. एक भोक वर, एक खाली. मग फुंकायचं. वरून फुंकलं की खालून पांढरं आणि पिवळं वाडग्यात पडतं, आणि ते पहाटे दादाने बेकरीत न्यायचं.

फुंकायला मात्र दम लागतो. आत्या आणि दातकाका समोरासमोर बसून गाल फुगवून फुंकत होते. दोघांचेही चेहरे लालबुंद. तिने सहज वर पाहिलं, त्याच वेळी त्यानेही पाहिलं, आणि दोघांनाही हसू फुटलं. अंडं ओठांना लावलेलं असताना हसू नये. त्याच्या नाकाच्या शेंड्यावर पिवळं लागलं आणि ते त्याला कळलंच नाही.

"तुमच्या नाकाला..." आत्या म्हणाली.

"काय?"

"काही नाही. शोभतंय."

मुकादमने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. "अजून नऊ राहिलीत," ती म्हणाली.

गुरुवारी तो न बोलावताच आला. रंग करायचे होते. कांद्याच्या सालींचा पिवळसर तांबडा, बीटचा गुलाबी, काळ्या कॉफीचा बदामी. घरभर व्हिनेगरचा वास. अंडं आधी व्हिनेगरने पुसायचं आणि मग हात लावायचा नाही. बोटाचं तेल जिथे लागतं तिथे रंग धरत नाही. हे मुकादमने तीन वेळा सांगूनही एका गुलाबी अंड्यावर अख्खा अंगठा उमटला. पांढरा, रेघा न् रेघा मोजता येतील असा. मुकादमने चौकशी बसवली, सगळ्यांचे अंगठे तपासले, आणि गुन्हेगार दातकाका निघाला.

"आम्हाला शिकतानाच बजावतात," तो खजील होऊन म्हणाला, "कामावर हाताची खूण राहता कामा नये. म्हातारबुवांनी कवळी घातली की त्यांना ती स्वतःचीच वाटली पाहिजे, माझी नाही."

"हे राहू दे," आत्या म्हणाली. "टाकायचं नाही."

तिने ते खिडकीत पुठ्ठ्यावर वाळत घातलं, आणि संध्याकाळी तीनदा जाऊन बघितलं. मुलं आसपास असताना अंडं बघायला जाणं सोपं असतं, कुणी कारण विचारत नाही. पण मनाला कारण ठाऊक होतं. चार दिवसांपूर्वी या माणसाचं तोंडही पाहिलं नव्हतं आणि आता चारला दोन मिनिटं कमी असताना कान दाराकडे लागत होते. आपलं वय एकतीस, हेही तिने स्वतःला सांगून पाहिलं. फारसा उपयोग झाला नाही.

*

शुक्रवारी फांदी आणायला चौघं बागेत गेली. हलकी भुरभुर चालू होती. एकुलती एक छत्री मुलांनी पळवली आणि मोठी माणसं भिजत मागून. दातकाकाच्या खांद्यावर झाडाखालून उचललेली एक वाकडीतिकडी फांदी होती, मुकादमने अकरा नाकारून पसंत केलेली.

"तुम्ही इथे किती दिवस आहात?" त्याने विचारलं.

आणि आत्याने ते पत्र, जे दादालाही दाखवलं नव्हतं, त्याला सांगून टाकलं. समुद्राकाठच्या एका गावात लहान मुलांच्या कानांचा दवाखाना. नऊ तासांचा प्रवास. दोन वर्षांचं काम. नुकत्याच जन्मलेल्या बाळांना ऐकू येतं की नाही ते तपासायचं. "ऐकू आलं असं बाळ बोट वर करून सांगणार नाही. झोपेतच तपासावं लागतं. लवकर कळलं तर ते बोलायला शिकतं, उशिरा कळलं तर... हे मला शिकल्या दिवसापासून करायचं होतं. सोमवारी सकाळी दहापर्यंत फोन करून हो की नाही सांगायचंय."

"मग अडचण काय?"

"चार वर्षांपूर्वी असंच एक काम आलं होतं. तेव्हा माझं लग्न ठरलं होतं. तो म्हणाला, नको जाऊस. मी नाही गेले. आठ महिन्यांनी त्याला दूरची नोकरी मिळाली आणि तो गेला. जाताना म्हणाला, तू समजून घेशील." तिने केसांतलं पाणी झटकलं. "मी समजून घेतलं. लोकांना वाटतं मला त्याचा राग येतो. मला माझा येतो. कुणी नको म्हटलं आणि मी लगेच ऐकलं, याचा."

आता तो काहीतरी बोलेल असं तिला वाटलं. काय बोलावं हे तिचं तिलाही सांगता आलं नसतं. त्याने 'नको जाऊ' म्हटलं असतं तर भीती वाटली असती, कारण आपण पुन्हा ऐकू की काय. आणि काहीच म्हटलं नाही तर...

"बरं," दातकाका म्हणाला, आणि फांदी दुसऱ्या खांद्यावर घेतली.

घरापर्यंत तो दुसरा शब्द बोलला नाही. त्याची जणू दातखीळ बसली होती. आत्या चेहरा हसरा ठेवून मुलांचे ओले मोजे काढत राहिली. आतून मात्र तिला रडू येत होतं, आणि 'बरं' या शब्दाचा एवढा राग तिला आयुष्यात कधी आला नव्हता.

*

शनिवारी तो येणार नाही असं तिने धरून ठेवलं होतं. तो आला. सोबत छोटा स्पिरिटचा दिवा, एक बारीक पात्याचा चाकू आणि कागदात गुंडाळलेली मेणाची कांडी.

"हे कसलं मेण?" मुकादमने हुंगून पाहिलं. औषधाच्या कपाटासारखा किंचित कडवट वास होता.

"दाताच्या रंगाचं. दात कसा दिसेल ते आधी याच्यात करून बघतात."

मुलांनी मेणाच्या जाड खडूने भराभर आपापली अंडी गिरवली. तो मात्र उकडून गार केलेलं एक अंडं घेऊन सगळ्यांकडे पाठ करून खिडकीशी बसला. पातं दिव्यावर धरायचा, मेणाला लावायचा, एक हलकी रेघ. पुन्हा दिवा, पुन्हा रेघ. तासभर. कुणी जवळ गेलं की अंडं तळहाताखाली. आत्याला मागून फक्त त्याचे कान दिसत होते, आणि ते लाल झालेले होते. कान बघण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं.

निघताना त्याने ते अंडं तिला दाखवलं आणि निळ्या वाडग्यात ठेवलं. "हे तुमचं. उद्या रंगात बुडवा. आधी नाही."

तिने वाकून बघितलं. तिरकं करून उजेडात बघितलं. कोरंकरकरीत अंडं. "काही लिहिलंय की नुसतंच..."

"लिहिलंय."

"दिसत तर काहीच नाही."

"माझं मेण दिसलं तर मी धंदा बंद करीन," तो म्हणाला. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच त्याच्या आवाजात थोडी ऐट होती. मग ती ऐट गेली. "बोलायला मला... वेळ लागतो. म्हणून."

तो जिने उतरून गेला. आत्या वाडग्याजवळ उभी राहिली. बुडवून टाकावं असं दहा वेळा मनात आलं. पण मुकादमच्या घरात नियम म्हणजे नियम.

*

रविवारी आत्या सहालाच उठली. मुलं उठेपर्यंत न्याहारीची तयारी करावी म्हणून तिने ट्रेमधली सहा अंडी पातेल्यात घातली, खळखळून उकळली आणि गॅस बंद केला. दादा नुकताच बेकरीतून येऊन खुर्चीत बसल्या बसल्या घोरायला लागला होता. ती गुणगुणत होती. हे तिच्या नंतर लक्षात आलं.

मुलं उठली. रंगाचे पेले मांडले. मुकादमने केलेलं अंडं आत्याने बुडवलं, आणि निळ्यावर पांढरी अक्षरं उमटली: 'सात फोडलीस तरी चालेल.' आत्याचे डोळे भरून आले. बटणने बाबांसाठी काढलेल्या चित्रात एक गोल होता आणि त्याला पाय होते, तो पाव निघाला. आईसाठीची दोन दुपारपर्यंत राखून ठेवायची होती.

"आता दातकाकांनी दिलेलं," मुकादम म्हणाली.

वाडग्यात आईची दोन जाड मेणाची अंडी होती. तिसरं नव्हतं.

टेबलाखाली बघितलं, कपाटाखाली बघितलं. बटण मात्र शोधत नव्हता. तो शर्टाच्या टोकाशी खेळत होता.

"बटण?" आत्याने हळूच विचारलं.

"त्याच्यावर काहीच नव्हतं," बटण म्हणाला. "सगळ्यांच्यावर मेण दिसतंय, त्याच्यावर नव्हतंच. दातकाका विसरले असं मला वाटलं. म्हणून मी ते साध्या अंड्यांत परत ठेवलं. नीट ठेवलं. फोडलं नाही."

आत्याने पातेल्याकडे बघितलं.

झाकण काढलं. पाणी अजून कोमट होतं आणि त्याच्यावर एक पातळ, फिकट तवंग तरंगत होता. तिने वाकून वास घेतला. औषधाच्या कपाटाचा किंचित कडवट वास.

सहाही अंडी एकामागोमाग निळ्या रंगात बुडवली. चार स्वच्छ निळी झाली. पाचवंही झालं. सहाव्यावर अक्षर एकही नव्हतं. नुसते पांढुरके डाग, एक इथे, एक तिथे, पुसून गेलेले. तासभर बसून ओढलेल्या रेघांचं हे एवढंच उरलं होतं. इतकं सफाईदार काम केलं नसतं तर पोराला दिसलं तरी असतं.

बटणचा ओठ थरथरायला लागला. तिने त्याला उचलून घेतलं. "तू काही चूक केली नाहीस रे. मीच उकडलं." पण उद्या दहाला फोन करायचा होता. कालपर्यंत निदान एवढं तरी होतं की उत्तर वाडग्यात आहे. आता ते उत्तर कुठेच नव्हतं, आणि तिला वाटलं, हे असंच सोडून द्यावं. 'जाऊ नका' असेल तर वाचायला नको. नुसतं 'शुभेच्छा' असेल तर त्याहून नको. बॅग भरावी, जावं.

"मग जाऊन विचार ना," मुकादम म्हणाली.

"असं कसं विचारायचं?"

"तोंडाने."

आत्याने बटणला खाली ठेवलं. दादाला हलवलं, तो एक डोळा उघडून "जा तू, मी आहे" म्हणाला आणि तो डोळा मिटून दुसरा उघडला. तिने डागाळलेलं अंडं रुमालात गुंडाळलं आणि न विंचरल्या केसांनी जिने उतरली.

*

पलीकडच्या गल्लीत तळमजल्यावर त्याचं कामाचं घर होतं. रविवार असूनही दिवा लागलेला. भिंतीवर फळ्या, फळ्यांवर प्लॅस्टरचे साचे, आणि साच्यांवर दातांच्या ओळी. तो बाकावर बसला होता. हातात काही नव्हतं. ती दिसताच तो उभा राहिला, आणि उभा राहिल्यावर पुढे काय करायचं ते त्याला सुचलं नाही.

तिने रुमाल उघडून अंडं त्याच्यापुढे ठेवलं.

त्याने ते फिरवून फिरवून पाहिलं. "हे..."

"उकडलं. न्याहारीबरोबर. बटणला वाटलं कोरं आहे."

त्याने बोटाने एक डाग चाचपला. मग त्याने चाकूकडे हात नेला. "पुन्हा लिहून देतो. तासाभरात."

"नको."

"अर्ध्या तासात..."

"बोला," आत्या म्हणाली. "मी नऊ वर्षं लोकांचे कान तपासतेय. मला ऐकू येतं."

त्याने चाकू उचलला, पुन्हा खाली ठेवला. त्याला हे किती जड जातंय ते तिला दिसत होतं, आणि शुक्रवारचं ते 'बरं' तिला आता वेगळंच ऐकू आलं. तिने एक स्टूल ओढलं, भिंतीकडे तोंड करून ठेवलं आणि त्याच्याकडे पाठ करून बसली.

"आमच्याकडे असंच करतात. पेशंटने तपासणाऱ्याकडे बघायचं नाही. आवाज कितीही बारीक असला तरी चालतो. ऐकू आला की पेशंट बोट वर करतो. आता तपासणारे तुम्ही."

समोरच्या फळीवर एका कवळीच्या बत्तीस दातांनी तिच्याकडे बघून दात विचकले. मागे दुसरं स्टूल सरकल्याचा आवाज.

"जा," तो म्हणाला.

तिचं बोट हललं नाही. म्हणजे हेच होतं तर... तिने स्वतःला सांगितलं, बरं झालं, आता सोपं आहे. ते खोटं होतं.

"एवढंच नव्हतं," तो घाईने म्हणाला. "'जा. मी येत राहीन.' असं होतं. नऊ तास म्हणजे काही फार नाही. शनिवारी निघून रविवारी... तुम्ही मला तुमची ती गोष्ट सांगितलीत आणि मी ठरवलं, आपल्या तोंडून 'नको जाऊ' निघता कामा नये. म्हणून काही बोललोच नाही. मनातल्याशिवाय दुसरं काही बोलायची मला सवयच नाही. आणि मनात तेच होतं हो, नको जाऊ. शुक्रवारी रात्री घरी कागदावर लिहून चाळीस वेळा ते पुसलं, तेव्हा कुठे 'जा' लिहिता आलं."

भिंतीवरची कवळी आत्याला आता नीट दिसत नव्हती. तिने डोळे पुसले. चार वर्षांत कुणी तिला अडवलं नव्हतं, तसा कुणी निरोपही दिला नव्हता. जा म्हणणारा आणि तरी सोबत राहणारा माणूस असतो, हे तिला ठाऊकच नव्हतं.

"दोन वर्षं?" तिने भिंतीलाच विचारलं.

"कवळीला सहा वेळा माप घ्यावं लागतं. मला घाई नसते."

ती हसली. हसताना नाक ओढलं, ते त्याला ऐकू गेलंच असणार. "उद्या दहाला मी हो सांगणार आहे."

"बरं," तो म्हणाला. हे 'बरं' तिला आवडलं.

"अंड्यावर एवढंच मावलं?"

"एवढंच."

"आणि जे मावलं नाही ते?"

बाहेर कुणीतरी सायकल लावली. घंटी वाजली, थांबली. मग मागून, अगदी खालच्या आवाजात, अडखळत, तो म्हणाला, "मला तुम्ही आवडता. सोमवारपासून. तडा ऐकलात ना... तेव्हापासून."

आत्याचं बोट वर गेलं.

तो थांबला. "आलं ऐकू?"

"आलं." तिने बोट खाली घेतलं, पण वळली नाही. तिचे स्वतःचे कान आता तापले होते आणि ते त्याला स्पष्ट दिसत असणार हे तिला माहीत होतं. "पण एकदा ऐकू आलं म्हणून आम्ही लिहून घेत नाही. आवाज आणखी कमी करून पुन्हा तपासतो. खात्रीसाठी."

स्टूल पुन्हा सरकलं, या वेळी जवळ. बाहीवरच्या प्लॅस्टरचा कोरडा वास आला. तो वाकला आणि तिच्या उजव्या कानापाशी पुन्हा तेच म्हणू लागला, इतक्या हळू की दुसऱ्या कुणाला काही ऐकू आलं नसतं.

त्याचं वाक्य निम्म्यावरही आलं नव्हतं, तेवढ्यात तिने बोट वर केलं.